दालीची उसळ आणि मिरोची रेघ

बाबांच्या ड्रॉइंगच्या फायलीत कुठल्याशा इंग्रजी मासिकातून फाडलेलं एक पान आहे. निळ्या आभाळाखाली एक अवाढव्य शरीर स्वतःचेच हातपाय ओढतंय, पिळतंय, वर एक तोंड वेदनेने वेडंवाकडं झालंय आणि खाली जमिनीवर उकडलेल्या घेवड्याचे दाणे सांडलेत. लहानपणी मी त्याला ‘उसळीचं चित्र’ म्हणायचे. बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलात ड्रॉइंग मास्तर होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या शेकडो पोरांकडून त्यांनी स्थिरचित्रं घोटून घेतली. त्यातला जो फारच वात्रट निघेल त्याला ते हे पान दाखवायचे. ‘आधी हात असा तयार कर, मग वाटेल तो वेडेपणा कर.’

यंदा ते माझ्याकडे आइंडहोवनला तीन महिन्यांसाठी आले. मार्चमध्ये मी आठवडाभर रजा काढली आणि विचारलं, कुठं जायचं? ‘उसळीच्या चित्राकडे,’ ते म्हणाले. साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराचं चित्र म्हणजे स्पेन, असं मी धरून चालले आणि तिकिटं काढली. ही चूक पुढे भोवली.

शुक्रवार, बार्सेलोना

विमानतळ, बस, हॉटेल, वरणभाताच्या आठवणीने काढलेला उसासा. संध्याकाळी गॉथिक वस्तीच्या बोळांतून साँत फेलिप नेरी या छोट्या चौकात गेलो. मधोमध कारंजं, एका बाजूला चर्च आणि चर्चची भिंत देवीचे व्रण असलेल्या माणसाच्या तोंडासारखी. काही खड्ड्यांत बाबांची अख्खी मूठ मावली.

३० जानेवारी १९३८ रोजी इथे बॉम्ब पडला. विमानं इटलीची, स्पेनच्या यादवीत प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड करणाऱ्या जनरल फ्रँकोच्या मदतीला मुसोलिनीने धाडलेली. चर्चच्या तळघरात मुलांना आसरा दिला होता. लोक वाचलेल्यांना उपसून काढत असतानाच दुसरा बॉम्ब आला. ४२ माणसं गेली, त्यांतली बहुतेक मुलं. पुढे फ्रँको हुकूमशहा झाला, त्या काळात या खड्ड्यांची वेगळीच गोष्ट पसरली होती, की डाव्यांनी पाद्र्यांना इथे उभं करून गोळ्या घातल्या, त्याच्या या खुणा. भिंत तीच, खड्डे तेच, गोष्ट उलटी. चौकाला लागून शाळा आहे आणि मधल्या सुट्टीत मुलं याच भिंतीशी खेळतात म्हणे. आम्ही गेलो तेव्हा एकच पोरगा चेंडू आपटत होता.

शनिवार, मोंजुइक

आजचा दिवस जोआन मिरो या बार्सेलोनाच्या चित्रकाराचा. बाबांना मिरो आवडत नाही हे मला माहीत होतं, तरी फ्युनिक्युलरने त्यांना टेकडीवर नेलंच. त्याच्या संग्रहालयाची पांढरीशुभ्र, उजेडाने भरलेली इमारत. मिरोचा मित्र, वास्तुकार जोसेप युइस सर्ट याने बांधलेली, १९७५ साली उघडलेली. पहिल्या दोन दालनांत बाबांनी शिस्तीत हात मागे बांधले. तिसऱ्यात म्हणाले, ‘एलिमेंटरीला बसवला असता तर सी ग्रेड. तीसुद्धा रंगसंगतीवर.’

मग पाऱ्याचं कारंजं आलं. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरने ते १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनातल्या स्पेनच्या दालनासाठी केलं होतं. देशात यादवी पेटलेली असताना प्रजासत्ताक सरकारने जगाला आपली बाजू सांगायला ते दालन उभारलं. तेही सर्टनेच, लुइस लाकासा या वास्तुकाराला जोडीला घेऊन. पारा अल्मादेनच्या खाणीतला. त्या खाणीसाठी फ्रँकोची फौज टपलेली होती, म्हणून पाण्याऐवजी पारा. आता ते काचेबंद आहे, कारण पाऱ्याची वाफ विषारी. काळ्या पत्र्यांवरून ती चांदी ओघळते, थबकते, परत गोळा होते. बाबा दहा मिनिटं हलले नाहीत. फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा काडेपेटीत जपून ठेवणारी पिढी ती.

पुढे तांब्याच्या पत्र्यावरचं एक छोटं चित्र. दोन माणसं, आग लागल्यासारखे रंग, काळं आभाळ आणि मागे एक उभा ढीग. शीर्षक वाचून मी जरा घुटमळले, मग सरळ सांगितलं, ‘विष्ठेच्या ढिगासमोर पुरुष आणि स्त्री’. साल १९३५. युद्धाला अजून काही महिने होते, पण हवा कुजायला लागली होती आणि मिरोला तो वास आला होता असं चित्र बघताना वाटतं. बाबा जवळ जाऊन, चष्मा वर करून पाहू लागले. ‘रंग लावलाय नीट,’ एवढं म्हणाले. सी ग्रेडची बी झाली असावी.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो तीन पांढऱ्या कॅनव्हासांपुढे. एकेक साडेतीन मीटर रुंद. प्रत्येकावर एकच काळी रेघ. गोल फिरत येते आणि स्वतःला मिळायच्या आत थांबते. जवळ रंगाचा एखादा ठिपका, थोडे ओघळ. बस्स. बाबा चिडलेच.

‘रेघ पुरी का नाही केली?’

मी सांगितलं, चित्राचं नाव ‘मृत्युदंड झालेल्या माणसाची आशा’. १९७४ सालचं. साल्वादोर पुच अंतिक नावाच्या २५ वर्षांच्या अराजकवादी तरुणाला त्या वर्षी २ मार्चला बार्सेलोनाच्या तुरुंगात गॅरट लावून मारलं. गॅरट म्हणजे लोखंडी पट्ट्याने गळा आवळायचं यंत्र. माणूस चंद्रावर जाऊन आला होता आणि इथे हे यंत्र चालू होतं. मिरो तेव्हा ८० वर्षांचा. शिक्षा रद्द होईल, होईल म्हणून जगभर लोक वाट बघत होते.

बाबा बाकावर बसले. एक रेघ, दुसरी रेघ, तिसरी रेघ. मग हवेत बोट फिरवून त्यांनी ती रेघ काढून पाहिली, पोरांना फळ्यावर शिकवायचे तशी, आणि नेमकी तिथेच थांबवली. आवडलं का, ते मी विचारलं नाही.

जाता जाता मोंजुइकचा किल्ला बाहेरून पाहिला. कातालोनियाचा, म्हणजे बार्सेलोना ज्यात येतं त्या प्रांताचा, अध्यक्ष युइस कोंपनीस युद्ध हरल्यावर फ्रान्समध्ये गेला होता. जर्मनांनी त्याला तिथे पकडून फ्रँकोच्या हवाली केलं आणि १५ ऑक्टोबर १९४० ला इथे गोळ्या घातल्या. वारा फार होता, पाय दुखत होते. लवकर खाली आलो.

रविवार, पोब्ले सेकचं भुयार

सकाळी ‘रेफुजी ३०७’ पाहिलं. विमानहल्ल्यांपासून वाचायला वस्तीतल्या लोकांनी स्वतः कुदळ-फावड्याने टेकडीत खोदलेले जवळजवळ ४०० मीटरचे बोगदे. शहरात अशी हजाराहून जास्त आश्रयस्थानं झाली. छत कमानीचं, वाट नागमोडी, म्हणजे स्फोटाचा धक्का सरळ आत येऊ नये. बसायला भिंतीलगत बाक, एक दवाखान्याची खोली, शौचकूप. बाबांना बाक अरुंद वाटला. इथे रात्रभर मांडीवर पोर घेऊन बसायचं म्हणजे काय, हे गाइडने सांगायची गरज पडली नाही.

पण दिवसभर डोक्यात राहिलं ते वेगळंच, आणि ते मी बाबांना ट्रेनमध्ये सांगितलं. १९३८ साली याच शहरात, प्रजासत्ताकाच्या बाजूच्या गुप्त पोलिसांसाठी आल्फोन्स लोरेंसिच या माणसाने कैद्यांच्या कोठड्या बांधल्या. बिछाना तिरका, म्हणजे झोपलं की घसरायचं. जमिनीवर उभ्या विटा, म्हणजे येरझारा घालता येऊ नयेत. वाकड्या भिंतींवर वर्तुळं, चौकटी, भोवळ आणणाऱ्या रेघा आणि रंग. नव्या चित्रकलेचे सगळे धडे माणसाला वेड लावायला वापरलेले. हे बाहेर आलं ते युद्ध जिंकलेल्या फ्रँकोच्या लष्करी खटल्यात, तेव्हा तिथला शब्द न् शब्द गिळायचं कारण नाही. लोरेंसिचला १९३९ साली गोळ्या घातल्या. पण कोठड्या होत्या. आपल्या आवडत्या बाजूने केलं म्हणून मला ते वगळता येईना. भिंतीवरचे खड्डे दाखवताना मी जेवढं जोरात बोलले होते तेवढं आता बोलता आलं नाही.

‘चित्रकार होता तो?’ बाबांनी विचारलं.

‘ठरवायला कठीण.’

‘ड्रॉइंग येत असणार,’ म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

सोमवार, पोर्तबोउ

दालीच्या गावी, फिगेरेसला मुक्काम. सकाळी आवरून, बाबांनी इस्त्रीचा शर्ट घालून, दालीच्या संग्रहालयापाशी पोचलो. बंद. या दिवसांत सोमवारी बंद असतं हे न बघता येणारी मुलगी आयटीत आहे, असं बाबा कुणालातरी मनातल्या मनात सांगत होते. तिथेच फोनवर शोधताना दुसरा शोध लागला. उसळीचं चित्र इथे नाहीच. ते फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे.

‘म्हणजे अमेरिकेत?’

‘अमेरिकेत.’

‘बरं,’ बाबा म्हणाले. हा ‘बरं’ आईला माहीत होता. आता माझ्या वाट्याला आला.

दिवस वाया जाऊ नये म्हणून सरहद्दीवरच्या पोर्तबोउची गाडी पकडली, अर्ध्या तासाची. गाव चिमुकलं आणि स्टेशन मुंबईचं शोभेल एवढं. १९३९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत बार्सेलोना पडल्यावर साडेचार लाखांहून जास्त माणसं या डोंगरांतून फ्रान्समध्ये गेली, थंडीत, चालत. दीड वर्षाने हिटलरने फ्रान्स घेतला आणि लोंढा उलटा फिरला. त्यात वॉल्टर बेन्यामिन होता, बर्लिनचा ज्यू विचारवंत. स्वप्नातलं, तर्काला न जुमानणारं जग कलेत आणणारी अतिवास्तववादी चळवळ (दाली त्यातलाच) ऐन भरात असताना, १९२९ मध्येच, तिच्यावर त्याने निबंध लिहिला होता. हृदयाचा विकार असलेला हा माणूस डोंगर ओलांडून इथे पोचला आणि स्पेनच्या पोलिसांनी सांगितलं की परत जा. २६ सप्टेंबर १९४० च्या रात्री तो हॉटेलात मेला. बहुतेक मॉर्फिन घेऊन. कागदोपत्री नाव उलटं लागलं, ‘बेन्यामिन वॉल्टर’, आणि ज्यू माणूस कॅथलिक दफनभूमीत पुरला गेला.

दफनभूमीबाहेर शिल्पकार दानी कारावानने केलेलं स्मारक आहे, १९९४ चं. गंजक्या लोखंडाचा एक बोगदा कड्यातून थेट समुद्राकडे उतरतो. पायऱ्या उतरत जायचं आणि शेवटाआधी काच आडवी येते. पलीकडे पाणी गरगरतंय आणि वाट नाही. बाबा अर्ध्यावर थांबले, म्हणाले, ‘तू जाऊन ये. वर चढताना माझं काय होईल ते मला माहीत आहे.’

वरच्या बाकावर बसून मी त्यांना मार्सेयची गोष्ट सांगितली. त्याच दिवसांत चळवळीचा म्होरक्या आंद्रे ब्रेताँ आणि बाकीचे अतिवास्तववादी मार्सेयच्या एका जुन्या बंगल्यात व्हिसाची वाट बघत होते. व्हेरियन फ्राय हा अमेरिकन माणूस त्यांची कागदपत्रं जमवत होता. वेळ जाईना म्हणून त्यांनी पत्त्यांचा नवा जोड काढला. राजा, राणी, गुलाम रद्द. बदाम-इस्पिकच्या जागी ज्योत, तारा, चाक आणि कुलूप. बाबांना हे फार आवडलं. ‘हुकूम कुठला धरायचे?’ मला माहीत नव्हतं. त्यांनी स्वतःच ठरवलं, कुलूप.

मंगळवार, फिगेरेस

अखेर दाली. इमारत म्हणजे गावचं जुनं नाट्यगृह. युद्धाच्या शेवटी ते जळालं आणि तसंच भकास पडून होतं. दालीने तेच मागून घेतलं. समोरच्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला होता आणि याच नाट्यगृहाच्या दालनात त्याची चित्रं पहिल्यांदा लागली होती. १९७४ मध्ये संग्रहालय उघडलं. भिंतीवर पाव चिकटवलेले, गच्चीवर राक्षसी अंडी. प्रेक्षागृहाच्या जागी उघडं अंगण, त्यात काळी कॅडिलॅक. नाणं टाकलं की गाडीच्या आत पाऊस पडतो. जत्रेतल्या मौत का कुआँएवढी गर्दी तिच्याभोवती. बाबांनी नाणं टाकलं नाही. ‘युरो आहे तो.’

जळक्या नाट्यगृहाचं छत जाऊन तिथे काचेचा घुमट आलाय आणि रंगमंचाखाली दाली स्वतः पुरलेला आहे. लोक त्याच्या डोक्यावरून चालत आइसक्रीमचं बोलत असतात. २०१७ मध्ये एका पितृत्वाच्या दाव्यापायी त्याला उकरून काढला. दावा खोटा ठरला, मिशा मात्र जशाच्या तशा दहा वाजून दहा मिनिटांवर होत्या.

गंमतीजंमतीत तासभर गेला आणि मग एका अंधाऱ्याशा खोलीत बाबा सापडेनासे झाले. मागे वळून पाहते तर एका लहान चित्रापुढे उभे. वेताची टोपली, त्यात अर्धा तोडलेला पाव, मागे मिट्ट काळोख. टोपली टेबलाच्या अगदी कडेला. १९४५ सालचं. दाली म्हणायचा की हे युद्ध संपायच्या आदल्या दिवशी पुरं झालं. दालीचं म्हणणं मिठासकट घ्यावं, पण पाव खराच आहे. कवच आणि गर वेगवेगळे जाणवतात.

‘हात कसला आहे लेकाचा,’ बाबा पुटपुटले. ‘पन्नास वर्षं पोरांना टोपली काढायला लावली. एकालाही कड दिसली नाही.’

जेवताना मी दालीची दुसरी बाजू काढली. १९३४ च्या फेब्रुवारीत ब्रेताँने त्याच्यावर पॅरिसमध्ये खटलाच भरवला. आरोप, हिटलरचं कौतुक. दाली तोंडात थर्मामीटर धरून, अंगावर एकावर एक स्वेटर चढवून आला आणि ताप बघत बघत एकेक उतरवत बसला. युद्ध झालं, लोर्कासारखा त्याचा जिवलग कवीमित्र फ्रँकोच्या माणसांनी मारला, आणि तरी दाली पुढे परत येऊन फ्रँकोच्या गळ्यात पडला. उसळीच्या चित्राचंसुद्धा तसंच. ‘यादवीची पूर्वसूचना’ हे नाव त्याने युद्ध सुरू झाल्यावर चिकटवलं, असं जाणकार मानतात.

‘म्हणजे पेपर फुटल्यावर उत्तर लिहिलं,’ बाबा म्हणाले. पण चित्र १९३६ च्या सुरुवातीचंच आहे, उत्तर आधीच बरोबर होतं, हे त्यांनीच पुढे जोडलं. आमच्या ताटात इथली पांढऱ्या घेवड्याची भाजी होती, सॉसेज वगळून मागितलेली. इतकं मांस पोटात जायला सोबत एखादी पिठूळ, उदास भाजी हवी, असं दालीने त्या दाण्यांबद्दल लिहून ठेवलंय. बाबांनी वर मिरपूड घेतली.

दुपारी गावामागच्या साँत फेरान किल्ल्याला चक्कर. हरत आलेल्या प्रजासत्ताकाच्या संसदेची देशातली शेवटची बैठक १ फेब्रुवारी १९३९ ला इथल्या तळघरात झाली. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाचा खजिनाही तेव्हा याच भागात दडवलेला होता. सरकार बुडत असताना ७१ ट्रक जमले आणि वेलास्केझ, गोया वगैरेंची चित्रं जिनिव्हाला पोचती झाली. माणसं चालत गेली.

बुधवार, कादाकेस

बसचा तास वळणावळणांचा, बाबांनी आवळासुपारी चघळत काढला. पोर्त यिगातला कोळ्यांची खोपटी जोडजोडून बांधलेलं दालीचं घर. दारात मोठं पांढरं अस्वल भुसा भरून उभं. खाली शांत खाडी. जवळच्या काप दे क्रेउस या भूशिराचे खडक वाऱ्याने असे खाल्लेत की नाक, पाठ, पंजा सगळं दिसतं. दालीने स्वप्नातलं काढलं असं आपण म्हणतो. बाबांचं मत पडलं, ‘हे तर निसर्गचित्र आहे. आउटडोअरला बसला असेल.’

इथे एक आपलं नातंही निघतं. १९६७ मध्ये मुंबईच्या एअर इंडियाने दालीकडून राखदाणी करवून घेतली. चिनी मातीची, हत्तीचं डोकं उलटं धरलं की हंस होतो. मोबदल्यात त्याने पैसे नाही, हत्तीचं पिल्लू मागितलं. बंगळूरहून पिल्लू विमानाने जिनिव्हाला आणि तिथून ट्रकने या गल्ल्यांत आलं. अखेर त्याची रवानगी व्हॅलेन्सियाच्या प्राणिसंग्रहालयात झाली. ही गोष्ट बाबांनी तीनदा सांगायला लावली.

परतीच्या बसस्टॉपवर मी उरलेलं सांगितलं. सप्टेंबर १९७५ मध्ये मरणाच्या दारातल्या फ्रँकोने पाच जणांना गोळ्या घातल्या. युरोपभर निदर्शनं झाली. दालीने जाहीर अभिनंदन केलं.

‘कुठलं साल म्हणालीस?’

‘पंचाहत्तर.’

बाबांनी मफलर गुंडाळला. बस आली.

गुरुवार, माद्रिद

पहाटेच्या वेगवान गाडीने माद्रिद. रेइना सोफिया संग्रहालय पूर्वी इस्पितळ होतं. लांबलचक व्हरांडे अजून तसेच. ‘गेर्निका’पुढे, यादवीतल्या बॉम्बहल्ल्यावरच्या पिकासोच्या त्या भल्यामोठ्या चित्रापुढे, आम्ही गप्प होतो, आणि त्याबद्दल मी लिहिणार नाही, पुष्कळांनी लिहिलंय. एवढंच, की पिकासोने त्यात रंग घातलाच नाही याचं बाबांना फार बरं वाटलं. ‘पेन्सिलवाल्यांची बाजू राहिली.’

आणि मग एका दालनात उसळ भेटली. ‘हिटलरचं कोडं’, दाली, साधारण १९३९. करड्या किनाऱ्यावर वाळकी फांदी, तिच्यावर मोडका टेलिफोन लोंबतोय, बाजूला तेव्हाचा ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेनची वाटावी अशी छत्री. खाली एक मोठी बशी, तिच्यात टपाल तिकिटाएवढा हिटलरचा फाटका फोटो आणि घेवड्याचे चार दाणे. त्याने हिटलरशी केलेला म्युनिकचा करार, ते फोन, ती वाट पाहणं, सगळं त्या बशीत. बाबांनी दाणे मोजले. सावल्या तपासल्या. ‘अमेरिकेला जायचं काही नडलं नाही,’ म्हणाले.

शेवटी १९३७ च्या त्या स्पॅनिश दालनाची लहान प्रतिकृती पाहिली. इथे ‘गेर्निका’, इथे पाऱ्याचं कारंजं, आणि इथे जिन्याशी, दोन मजले उंच, मिरोचा कोयता उगारलेला कातालान शेतकरी. प्रदर्शन संपल्यावर ते चित्र व्हॅलेन्सियाला पाठवलं आणि वाटेत कुठेतरी हरवलं. फक्त कृष्णधवल फोटो उरलेत.

‘एवढं मोठं चित्र हरवतं?’ मी म्हटलं.

बाबा प्रतिकृतीकडे बघत राहिले. मग, जणू हवापाण्याचं बोलावं तसं, सांगायला लागले. आणीबाणीत त्यांची नोकरी नवी होती. शाळेची एस.टी. स्टँडकडची भिंत त्यांना रंगवायला दिली. वीस कलमी कार्यक्रम, सगळी वीस कलमं, निळ्या ऑइलपेंटने, शेजारी कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. आठ दिवस शिडीवर. त्याच दिवसांत शाळेतले एक सर मिसाखाली आत होते आणि त्यांची बायको रोज त्या शिडीखालून बाजारात जायची. सत्त्याहत्तरच्या निवडणुकीनंतर वरून निरोप आला, भिंत पांढरी करा. तीही बाबांनीच केली. चुन्याचे दोन हात दिले. पहिल्या पावसात निळं पुन्हा वर आलं.

हे मी चाळीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. काय विचारावं कळेना, म्हणून जे सुचलं ते विचारलं.

‘अक्षरं कशी आली होती?’

‘अक्षरं चांगली आली होती,’ बाबा म्हणाले.